मथुरेचा हंडा

“मथुरेला परत आणा,” आबासाहेब म्हणाले. “उद्यापर्यंत.”

मथुरा ही कोणी पळून गेलेली बाई नव्हती. ती आमच्या छापखान्यात छापायला आलेल्या कादंबरीची नायिका होती. शेवटच्या प्रकरणात ती नवऱ्याचं घर सोडून सूर्यमाळच्या पाड्यावर शाळा काढते, आणि पुस्तक संपेपर्यंत परत येत नाही. आबासाहेबांचा आक्षेप एवढाच होता. बाकीचं पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं.

आबासाहेब वकील होते आणि जव्हारातल्या वाचनमंडळाचे अध्यक्ष. मंडळी स्वतःला सुधारक म्हणवत. स्त्रीशिक्षणावर वर्षाला एक भाषण व्हायचं, ते ऐकायला घरातली एकही बाई आणायची नाही, अशी यांची सुधारणा. संस्थानातल्या एका बाईचं पुस्तक आपल्या आश्रयानं निघावं आणि पुण्याच्या संपादकांनी त्यावर चार शब्द लिहावेत, ही यंदाची हौस होती. मी छापखान्याचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे प्रुफं तपासायची, शाई संपली की ओरडायचं आणि आबासाहेबांना ‘हो’ म्हणायचं. तिसरं काम मी सर्वांत चोख करत असे.

पुस्तक द्वारकाबाईंचं. त्या मुलींच्या शाळेत शिकवत, विधवा होत्या, नाशकात इंग्रजी शिकल्या होत्या. जव्हारची हवा थंड म्हणून एक मिशनची डॉक्टरीणबाई उन्हाळ्यात इथं येऊन राहायची. जाताना ती एका अमेरिकन लेखिकेची कादंबरी बाईंना देऊन गेली. बाईंनी तिचं रूपांतर केलं. मार्थाची मथुरा केली, तिकडच्या गिरणीच्या गावाचं जव्हार केलं आणि तिकडच्या डोंगराचं सूर्यमाळ.

बाईंचा शेवट असा होता. उन्हाळा. झऱ्यावर बायकांची रांग. नवऱ्याचा माणूस निरोप घेऊन येतो, “धनी वाट बघतात, चला.” मथुरा म्हणते, “माझा हंडा रांगेत आहे.” बस्स. पुढे काही नाही.

“नवऱ्यापेक्षा हंडा मोठा?” आबासाहेब माझ्यावरच खेकसले. “लोक काय म्हणतील? गणपतराव, तुम्हाला लिहायची खोड आहे ना? बसा आणि लिहा. पायाशी आणून सोडा तिला.”

मी बसलो आणि लिहिलं. हे सांगताना लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नाही. मथुरा हंडा टाकते, काट्याकुट्यांतून धावत सुटते, उंबऱ्यावर कोसळते, नवरा तिला क्षमा करतो. क्षमेच्या ओळीला माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. इतका मी माझ्यावर खूश होतो.

प्रूफ वाचायला बाई छापखान्यात आल्या. उभ्यानंच वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

मी दौतीचं झाकण शोधू लागलो.

“हात चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “लोक रडतील. पण गणपतराव, तुम्ही उन्हाळ्यात सूर्यमाळला गेला आहात कधी?”

“नाही.”

“तिथं रांगेतला हंडा कुणी सोडत नाही हो. नवरा थांबेल.”

मग प्रूफ टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं, “शेवट माझा नसेल तर माझं नाव काढा.”

मी निरोप घेऊन आबासाहेबांकडे गेलो. ते पान लावत होते.

“नाव काढा? अहो, नावासाठी तर छापतोय! बाईचं नाव नसेल तर त्या गोष्टीत आहे काय? सांगा त्यांना, शाळेच्या कमिटीत आम्हीच आहोत.”

मी तेही जसंच्या तसं बाईंना सांगितलं. निरोप्याचं काम मला छान जमायचं. बाईंना त्या पगाराखेरीज दुसरा आधार नव्हता, हे मला ठाऊक होतं. आबासाहेबांनाही होतं. त्यांनी प्रूफ पुन्हा हातात घेतलं.

“म्हणजे आता काहीच बदलता येणार नाही?”

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तक पानापानानं छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर आठ पृष्ठं छापतात, मग त्याच्या घड्या घालून शिवतात. त्या आठ पृष्ठांच्या जुडीला फर्मा म्हणतात. आमच्यासारख्या लहान छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे थोडे. म्हणून एक फर्मा छापून झाला की त्याचे खिळे सोडवून खणांत टाकायचे आणि त्यांतूनच पुढचा जुळवायचा. एकदा खिळे सोडवले की ती पानं संपली.

“आधीचे फर्मे छापून झालेत,” मी म्हणालो. “शेवटचा उद्या मशीनवर चढेल. मग फक्त पहिला उरला.”

“पहिला? तो शेवटी?”

“तो नेहमी शेवटीच. त्यात पुस्तकाचं नाव, आश्रयदात्यांचा फोटो आणि प्रस्तावना. प्रस्तावना लेखक कधी वेळेवर देत नाहीत, म्हणून पडलेला रिवाज.”

“आबासाहेबांना हे माहीत आहे?”

“त्यांना शेवटचं पान छापलं की पुस्तक झालं असं वाटतं.”

बाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“प्रस्तावनेला जागा किती?”

“चार पृष्ठं.”

“पुरे,” त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत मजकूर आला. वर मथळा ‘मूळ लेखिकेचे चरित्र’. त्या अमेरिकन बाईची हकीकत होती. ती सूतगिरणीत काम करायची. गोष्टी पुरुषाच्या नावानं पाठवायची. संपादक लिहायचे, आपल्या लेखणीत काय मर्दानी जोर आहे! बाई आहे असं कळल्यावर तोच जोर त्यांना आक्रस्ताळेपणा वाटू लागला. पुढे कादंबरी छापताना त्यांनी तिला न विचारता शेवटी मार्थाला नवऱ्याकडे धाडलं. लेखिकेनं मग गावोगाव सभागृहांत उभं राहून खरा शेवट स्वतः वाचून दाखवला, इतक्या ठिकाणी की पुढच्या आवृत्तीत तोच छापावा लागला.

त्याखाली बाईंचं वाक्य होतं. ‘या पुस्तकाची शेवटची पाने माझी नव्हेत. माझ्याजवळ सभागृह नाही, म्हणून खरा शेवट येथेच देते.’ आणि पुढे झरा, रांग, हंडा.

मी प्रूफ घेऊन आबासाहेबांकडे गेलो.

“प्रस्तावना आहे. वाचून सही करा.”

“कशाबद्दल आहे?”

“मूळ लेखिकेच्या चरित्राबद्दल.”

“फोटो कसा आलाय, दाखवा.”

दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मी पुन्हा म्हणालो, “आबासाहेब, मजकूर एकदा वाचा.”

“बायकांची आभारप्रदर्शनं काय वाचायची? छापा.” सही केली.

मी दोनदा सांगितलं, हे लोक माझं धैर्य म्हणून सांगतात. तसं काही नव्हतं. सही मिळाली म्हणजे दोष माझ्यावर येणार नाही, एवढाच माझा हिशेब होता.

प्रकाशनाचा समारंभ शाळेच्या मोठ्या वर्गात झाला. आबासाहेबांनी रेशमी पागोटं घातलं होतं. भाषण तयार नव्हतं. ते कधीच नसायचं. त्यांनी पुस्तक उघडलं, स्वतःच्या फोटोवर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आमच्या लेखिकाबाईंचीच प्रस्तावना वाचून दाखवतो.” आवाज कोर्टात कमावलेला. गिरणी आली, संपादक आले, लोक माना डोलवू लागले. ‘शेवटची पाने माझी नव्हेत’ हे त्याच भरदार आवाजात बाहेर पडलं, मग तोंड उघडंच राहिलं. मागच्या बाजूला शाळेच्या मुलींना पोचवायला आलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “अवो, थांबले का? पुढं काय झालं ते वाचा की!” आबासाहेबांशेजारी बसलेल्या गावच्या डॉक्टरांच्या हातात दुसरी प्रत होती. त्यांनी खालमानेनं मथुरेचं उत्तर तिला वाचून दाखवलं, ‘माझा हंडा रांगेत आहे.’ बायका हसल्या. टाळी त्यांचीच पहिली पडली.

संध्याकाळी आबासाहेब छापखान्यात आले.

“फाडा ती प्रस्तावना! सगळ्या प्रतींतून!”

मशीन चालवणारा साखरशेतचा बाबू पुढे झाला. त्यानं एक प्रत घेऊन प्रस्तावनेची दोन पानं ओढली. समोरून पुस्तकाचं नाव सुटलं. पाठोपाठ आबासाहेबांचा फोटो खाली पडला.

“सायेब, ह्यो कागद एकच हाय,” बाबू फोटो उचलत म्हणाला. “बाई फाडली का तुमी बी पडता.”

“मग तो फर्मा नवा छापा!”

“कागद संपला,” मी म्हणालो. “पावसाळ्यात गाड्या घाट चढत नाहीत. आता दसऱ्यानंतर.”

पण पुण्याच्या संपादकांना प्रती लगेच धाडायच्या होत्या. आबासाहेब बराच वेळ बाबूच्या हातातल्या स्वतःकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “राहू द्या. प्रस्तावना वाचतो कोण?”

प्रती टपालानं तशाच गेल्या. बाईंची जागा पुढच्या महिन्यात ‘काटकसरीसाठी’ कमी झाली. कमिटीत सगळे सुधारक होते, ठराव एकमतानं झाला. बाईंना नाशकात शाळा मिळाली. दसऱ्यानंतर मोखाड्याच्या वाटेनं त्यांची गाडी निघाली तेव्हा मी पोचवायला गेलो. माफी मागायची होती. तोंडातून आलं ते असं, “बाई, मी सांगितलं होतं त्यांना, वाचा म्हणून.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळ्यांना सगळं सांगता, गणपतराव.”

गाडी गेली.

त्या पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे आहे. मथुरा पहिल्या पानांत हंड्यासाठी रांगेत थांबते आणि शेवटच्या पानांत तोच टाकून धावते. धावणारी माझी आहे, ती मला आता खिळे सोडवून खणांत टाकता येत नाही. तुम्ही कधी दुसऱ्याच्या गोष्टीचा शेवट बदलायला निघालात तर आधी छापखान्यात चौकशी करा, पहिला फर्मा छापून झालाय का.