पंख्यावाल्यानं भरलेली गिटार

दिनेशभाऊनं गिटार तिसऱ्यांदा परत आणून माह्या काउंटरवर ठेवली.

"काका, अजून बी आवाज दबलेलाच हाये. कोणी कंबल ओढून गाऊन राहिलं असं वाटते."

मी हुडको कॉलनीत पंखे अन् पंपाच्या मोटरी भरतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. शाळेत चौथीपासून माह्यं अन् गणिताचं बोलणं बंद हाये. गिटार मी फक्त लग्नातल्या ऑर्केस्ट्रात पाह्यली, ते बी जेवणाच्या लाइनीतून. पण दिनेशभाऊनं विचारलं, "तांब्याची तारच हाये, भरता येईन का?" मी म्हटलं, "आना."

तुटला होता पिकअप. म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसवलेलं चुंबक, त्याच्याभोवती केसाहून बारीक तार गुंडाळलेली. वर गिटारीची तार हालली का इथं जरासा करंट होते, त्याचाच स्पीकरमधून आवाज निघते. या गिटारीत असे दोन होते. एक चांगला, एक माह्या हातचा.

दिनेशभाऊ प्लांटात क्लर्क, सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात वाजवते. ऑर्केस्ट्राच्या उस्तादानं त्याले सांगून ठेवलं होतं, आज संध्याकाळच्या रिहर्सलमधी आवाज साफ नाई आला तं कुम्हारीहून दुसरा गिटारवाला बोलावतो.

अन् मी काय करून राहिलो होतो? पयल्यांदा केबल खोचाचा जॅक बदलला. आवाज तसाच. दुसऱ्यांदा कपॅसिटर. पंख्याले काही बी झालं तं मी कपॅसिटरच बदलतो. आवाज अजून खाली बसला. आता मी नुसता गिटारीकडे पाहून राहिलो, जसं मले काही समजून राहिलं.

"काका, नेमकं झालं काय?"

"भाऊ, तेच तिले विचारून राहिलो."

तेवढ्यात बायको बाहेर आली. आमच्याकडे तारेचे फेरे मोजाचं काम तिचं. हा पिकअप भरला त्या दिवशी ते माहेरी होती, म्हणून मी एकट्यानंच भरला होता.

"किती फेरे मारले याले?"

"मोजले नाई. जागा होती तोवर भरले."

"कावून?"

"मजबूत व्हावं म्हणून." पंख्यात फेरे कमी पडले तं मोटर जळते. म्हणून माहा हात नेहमी जास्तीचाच चालते.

"अन् बाजूचा चांगला वाजते ना? त्याले मीटर लावलं का?"

नव्हतं लावलं. जो चांगला हाये त्याले कोण पाह्यते? लावलं. चांगला सहा किलोओम, माहावाला अकरा; तार जितकी जास्त, तितका आकडा मोठा.

मग तार काढाची, टाका माराचा, वाजवाचं. पुन्हा तेच. जुना कपॅसिटर बी परत लावला. मीटरचा आकडा नऊवर आला तवा आवाज जरासा उघडला. सातवर दिनेशभाऊ म्हणे, "बस काका, इथंच थांबा." त्यानं समजावलं, फेरे जास्त झाले तं आवाज मोठा होते, पण वरची बारीक झणझण मरते, त्याले मड्डी, म्हणजे गढूळ म्हणते. फेरे कमी तं ब्राइट, म्हणजे साफ.

मले दोन्ही आवाज सारखेच ऐकू आले. मी मान हालवली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "काका, उस्ताद काही बोललाच नाई." त्यांच्यात काही न बोलणं म्हणजे पास.

तार काढून आवाज सुधरते कसा, हे मले आजवर समजलं नाई. पण आता कोणतं बी काम आलं का पयले चांगल्या भागाले मीटर लावतो. अन् तो आकडा काय सांगते ते बायकोले विचारतो.