आधी झाडू

लक्ष्मीपूजनाला दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या घरात नवीन झाडू येतो आणि त्याच्या कोरड्या गवताच्या वासाबरोबर मला दरवर्षी नोएडाजवळचं ते टेस्टिंगचं आवार आठवतं. बस आणि ट्रकमध्ये हायड्रोजन भरायचा कॉम्प्रेसर आम्ही तिथे तयार करत होतो. त्या दुपारी लख्ख ऊन होतं. पाइपाच्या एका जोडातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तसा मी कॉम्प्रेसर बंद केला. पहिली बस भरताना बघायला पाहुणे तासाभरात येणार होते, म्हणून पाइपात उरलेला गॅस संपायची वाट न बघता मी पाना घेऊन निघालो. जोडापाशी धूर नव्हता, ज्वाळा नव्हती. "साहब, रुको. पहले झाड़ू जाएगी," आमचे वयस्कर टेक्निशियन म्हणाले. हायड्रोजनची आग उन्हात दिसत नाही, हे नव्या लोकांना मीच शिकवायचो. तरी म्हणालो, "अरे यार, कुछ नहीं है." लांब दांड्याचा झाडू समोर धरून ते माझ्यापुढे चालू लागले. जोडापासून हातभर अलीकडे, रिकाम्या हवेत, झाडूचं टोक भक्कन पेटलं. आम्ही मागे आलो आणि पाहुण्यांना उद्या या म्हणून कळवलं. आता बायको नव्या झाडूला हळदकुंकू लावते. देव न मानणारा मी झाडूला मात्र वाकून नमस्कार करतो, याचं तिला हसू येतं. त्या दुपारी मी किती पावलांवर होतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.