गोदूबायच्या ताटाची नक्कल

गोदूबाय जेवायला बसली की तिच्या ताटात खाडीकाठच्या खाजणातली जखीण जेवते, अशी आमच्या सुकापुरात बोलवा आहे. अर्धी भाकरी गोदूबायची, अर्धी जखिणीची, आणि म्हणूनच ती बाई एका वर्षात एवढी उतरली. ही बातमी पहिल्यांदा आणली आमच्या शेजारच्या रंभानं. रंभा बातमी सांगताना आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे बघते, आणि मग असं काही कुजबुजते की गोठ्यातले बैलसुद्धा कान टवकारतात. "मी बगलं गो, माज्या डोल्यांनी! लाडू मोडला, अर्धा खाल्ला, नि अर्धा गेला! कुटं गेला? जखीण दिसते का कुनाला?"

मी ही रंभा इतकी हुबेहूब करते, की एकदा तिच्या सासूनं आतूनच मला पाणी भरायला पिटाळलं होतं. पण खरं ते सांगते. जखीण वगैरे काही नाही. लग्नाच्या मांडवात गोदूबायच्या पाठीशी पोरं चिकटून बसतात, अर्धा लाडू त्यांच्याकडे जातो. मीही खाल्लाय. जखीण असती तर मला फार बरं वाटलं असतं. जखिणीनं बारीक केलं तर त्यात बाईचं कौतुक ते काय? पण ही स्वतःच्या अकलेनं बारीक झाली, गेलेला दम परत घेऊन आली, आणि माझ्या हाताशी आलेला मानाचा पाट घेऊन पुन्हा त्यावर जाऊन बसली.

गोदूबाय धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं, आणि ते सगळे जिच्या तोंडपाठ ती धवलारीण. भट मंत्र म्हणतो ते कुणाला कळत नाहीत. धवला सगळ्यांना कळतो. म्हणून धवलारणीचा मान मोठा. तिला घ्यायला गाडी येते, तिचा पाट वेगळा मांडतात. फक्त एक गोष्ट सांभाळायची. सुरू झालेला धवला मध्ये तुटू द्यायचा नाही. तुटला तर आमच्या बायका लग्नच तुटल्यासारखं तोंड करतात.

लग्नं नसतील तेव्हा गोदूबाय खाडीकडच्या मिठागरावर कामाला असते. तिथं गोडं पाणी लांबून आणावं लागतं, म्हणून ते कुणी पोटभर पीत नाही. किटलीत गुळाचा चहा उकळत असतो, तोच दिवसभर. तीच सवय तिनं लग्नात नेली. पूर्वीची गोदूबाय मी करायचे तेव्हा मला दोन उशा लागायच्या, एक पुढे, एक मागे. आधी पाटावर टेकताना "हुश्श... मेले गो बाय!" मग गुडघ्यावर एक थाप. मग "गला सुकला, च्या आन." बशी, फुर्रर्र, आणि चहाबरोबर लाडू. धवला संपला की परत गळा सुकला, परत चहा, परत लाडू. कुणी पाणी पुढे केलं तर म्हणायची, "पानी ढोरं पितात. पान्यानं का गला सुटतो?" माझी ही नक्कल बघायला पलीकडच्या आळीतल्या बायकाही यायच्या.

गेल्या वर्षी नेरे गावच्या लग्नात ते झालं. नवरीला हळद चढत होती, धवला ऐन रंगात होता, आणि गोदूबायचा श्वास संपला. तोंड उघडं, हात छातीवर, आवाज नाही. मी आईशेजारी बसले होते. काय झालं ते मला कळायच्या आत मी तीच ओळ उचलली, तिच्याच आवाजात, तिच्या धापेसकट. धवला तुटला नाही. बायका तिच्याकडे बघतायत, तिचं तोंड हलत नाही, आणि गाणं चालूच! मग एकीनं मागे वळून बघितलं. "अगो, ही तं गुनाबायची शकू!"

पुढचा महिनाभर मी गावात अशी चालत होते की कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या. बायका म्हणत, "फुडल्या साली पोरीलाच बोलवूया. गोदूबायचं झालं आता." मी मनातल्या मनात पाटावर बसूनही बघितलं होतं. फार छान दिसत होते.

आणि ही बाई पनवेलला डॉक्टरकडे गेली!

डॉक्टर नाकातून बोलतात. "बाई, ह्या गुडघ्यांनी काय दोघींचं वजन वाहायचं? गोड कमी करा. पाणी भरपूर प्या. उपाशी राहू नका, दोन वेळा नीट जेवा." गोदूबायनं त्यातलं फक्त "कमी करा" ऐकलं आणि उपास धरला. निर्जळी. दोन-चार दिवसांत मिठाच्या राशीवर भोवळ येऊन पडली. तिला बैलगाडीतून आणलं तेव्हा सगळ्या बायका हळहळल्या. मीही हळहळले, हळहळ मला छान करता येते. आतून म्हटलं, आता पाट माझा.

पण पडून उठलेली गोदूबाय वेगळीच निघाली. एके दिवशी आमच्याकडे आली, तर आईनं नेहमीप्रमाणे चहाचं आधण ठेवलं.

"च्या राहू दे, गुनाबाय. आदी पानी दे."

आईनं तांब्या दिला. ती सावकाश प्यायली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"काय बगतेस गो?" आईनं विचारलं.

"बगत नाय. इचारते."

"कुनाला?"

"पोटाला. भूक हाय का तहान, ते." मग माझ्याकडे बोट करून म्हणते, "तहान भुकेची नक्कल करते. या तुज्या शकूवानी. आवाज डिट्टो. मी एवडी वर्सं फसले. गला पानी मागत व्हता नि मी लाडू देत व्हते."

आई हसता हसता खाली बसली. मला मुळीच हसू आलं नाही.

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवली. कुठेतरी घसरेल, चोरून खाईल, असं वाटायचं. पण ती चोरून खातच नव्हती, सगळं उघड्यावर. तांदळाची भाकरी एकच, पण बरोबर वालाचं बिरडं नाहीतर शेवग्याचा पाला ढीगभर, आणि खाडीचे निवटे मासे, ते तळलेले नाहीत, कालवणातले. जेवताना बोलणं बंद. गोदूबाय आणि बोलणं बंद! घास इतका चावायची की समोरच्या माणसाचे जबडे दुखावेत. मिठागरावर स्वतःचं पाण्याचं मडकं घेऊन जायला लागली. आणि लग्नात लाडूला नाही म्हणत नव्हती, कारण नाही म्हटलं की यजमानीण रुसते. लाडू घ्यायचा, मोडायचा, अर्धा चवीनं खायचा, अर्धा पाठीमागच्या पोरांना.

एकदा मात्र सापडली. भाचीच्या घरी पुरणपोळ्यांवर तिनं चांगला हात मारला. मी उड्या मारतच गेले. "मग आता उद्या उपास ना, गोदूबाय?"

"का गो? उंद्या उंद्यावानी जेवीन." शांतपणे पदरानं तोंड पुसलं. "एक रोप मोडलं म्हनून कोन खाचर पेटवतो का?"

मी एखादा लाडू जास्त खाल्ला की मनात म्हणते, आता बिघडलंच आहे तर डबा संपवू. माझ्या परकराची नाडी दर दिवाळीला मोठी लागते. आणि आई उठता-बसता, "बग, गोदूबायला बग. शिक जरा!" ज्या बाईची मी नक्कल करते, तिच्याकडून शिकायचं?

ह्या उन्हाळ्यात आपटा गावच्या तुळशीरामाच्या मुलीचं लग्न ठरलं. तुळशीराम सावध माणूस. वाक्य अर्धं बोलतो आणि उरलेलं मानेनं सांगतो. आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "गोदूबाय, मान तुजाच. पन नेऱ्याला जे झालं... तं शकूला पन आना संगं. असावी आपली." गोदूबायचा चेहरा मी तेव्हा नीट बघितला. ती हसली, पण हसणं ओठांवरच राहिलं. तिलाही कळत होतं. आपट्याला धवला तुटला, की तिचा पाट गेला. पुढच्या सगळ्या गाड्या माझ्या दारात येणार. एवढ्या वर्षांची धवलारीण, उद्यापासून नुसती मिठागरावरची गोदू.

आपट्याला जाताना एकाच बैलगाडीत आम्ही सगळ्या. बायकांनी आग्रह केला म्हणून मी गाडीतच जुनी गोदूबाय केली. उशा नव्हत्या, कपड्यांची गाठोडी घेतली. हुश्श, मेले गो, फुर्रर्र. गाडीवान हसता हसता बैलांना हाकायचं विसरला. सगळ्यात जास्त हसली ती गोदूबाय. डोळे पुसून म्हणाली,

"जुनी करतेस झ्याक. आता नवी करून दाखव."

"त्यात काय! बोल ना."

"बोलायची नाय. खायची. हलदीपास्नं मांडव सुटंस्तोवर, मी जेवते तसं जेव. जमलं, तं लगीन लागतानाचा धवला तू गा. माज्या पाटावर बसून."

गाडीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

"आनि नाय जमलं तं?"

"तं माज्या मागं बसून झील धरायची, माज्या सुरामागं सूर. ह्या लग्नसराईभर."

मी टाळी दिली. अख्खी बाई मी करते, तिचं एक ताट करायला काय जातंय?

आणि पहिला दिवस मी असा केला की तिनं स्वतःनं केला नसता. दुपारी तिनं एक भाकरी घेतली, मी अर्धी. तिनं बिरडं दोनदा घेतलं. मी एकदा, तेही चमचाभर. तिनं अर्धा लाडू पोरांना दिला, मी सगळाच दिला, वर टाळ्या घेतल्या. तिनं काकडी खाल्ली, ताक प्यायलं. मी हात जोडून "नको गो बाय" म्हटलं, अगदी तिच्या सुरात. डोळे मिटून चावणं, भिंतीकडे बघत पोटाला विचारणं, सगळं केलं. पोट ओरडून सांगत होतं, भूक, भूक. मी त्याला म्हटलं, तू तहान आहेस, गप्प बस. आपट्याच्या बायका लोटपोट.

गोदूबाय एकदा जवळ येऊन म्हणाली, "शकू, ही नक्कल हाय का माज्याशी शर्यत?"

मी डोळे मिटून चावत राहिले. नवी गोदूबाय जेवताना बोलत नाही.

दिवेलागणीला हळद झाली. तिचा धवला तुटला नाही, ह्याचं मला काही वाटलं नाही, कारण तेव्हा मला दुसरंच काही ऐकू येत होतं. मागच्या चुलवणावर वडे तळत होते. तेलात पडलेला वडा आधी चुरचुरतो, मग फुगतो, मग गप्प होतो. बरोबर मटणाचा रस्सा. पंगत बसली. गोदूबायनं वडे घेतले, रस्सा घेतला, अगदी मिटक्या मारत खाल्ला. मग पाणी प्यायली आणि पत्रावळ दुमडली.

मीही वडा घेतला. ती खाते तसाच, सावकाश. दुसरा जरा कमी सावकाश. पुढचे कसे गेले ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिथं नव्हते, तिथं फक्त माझा हात होता. वाढणारी हसत होती आणि वाढत होती. पंगत उठली तरी मी बसलेली. उठायला गेले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं,

"हुश्श... मेले गो बाय!"

आणि गुडघ्यावर थापसुद्धा मारली. शपथेवर सांगते, नक्कल म्हणून नाही. उठायला ती थाप खरोखरच लागते.

अख्खा मांडव हसत सुटला. एक म्हातारी ओरडली, "ही बगा, आली जुनी गोदूबाय!"

मी तणतणत तिच्यापुढे गेले. "तू पन वडे खाल्लेस!"

"खाल्ले. झ्याक व्हते. भूक व्हती तवर खाल्ले."

"सकालपास्नं मी तुज्याहून कमी खाल्लंय! सगल्यांनी बगितलंय!"

"म्हनून तं हरलीस गो. मी कमी जेव नाय म्हनले. मी जेवते तसं जेव म्हनले."

दुसऱ्या दिवशी लग्न लागायच्या वेळी पाट मांडला. माझ्या पोटात वडे अजून वस्तीला होते. गोदूबाय पाटावर बसली, हुश्श न करता, आणि अंगठ्यानं पाठीमागची जागा दाखवली.

"ये. धर झील."

तिनं सुरुवात केली. तिचा श्वास कुठं कुठं संपायचा ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि त्या प्रत्येक जागी मी वाट बघितली. प्रत्येक जागी ती चिमणीनं पाणी प्यावं तसा एवढासा श्वास घ्यायची आणि पुढे निघायची. धवला लांब होता. तो तुटला नाही. तुळशीराम मांडवाच्या खांबाला टेकून मान डोलवत होता, आणि ह्या खेपेला त्यानं अख्खं वाक्य मानेनंच सांगितलं.

लग्नसराई अजून संपलेली नाही. मी मागे बसते, झील धरते. तिथून गोदूबायची फक्त पाठ दिसते. ताठ, पदर नीट खोचलेला, कुठं धाप नाही, कुठं हलणं नाही. मला ती पाठ अजिबात आवडत नाही.