शिट्टीला आलेलं पाणमांजर

धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळी सांधत बसणाऱ्या त्या माणसाला सगळे गाठ्या म्हणत. डाव्या हाताची दोन बोटं दोरात सापडून गेली, तेव्हापासून त्याचं होडीवर जाणं सुटलं. दिवसभरात कोणी त्याच्याशी बोललंच तर ‘झालं का रे?’ एवढंच.

एकदा शेडशेजारी कॅरव्हॅन येऊन थांबली. आत पलंग, शेगडी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. उतरलं एक निवृत्त जोडपं. बाईंनी विचारलं, “भाऊ, इथे पाणमांजरं दिसतात म्हणे?”

दिसायची, पण लांब, खडकांवर. गाठ्याला मात्र हुरूप आला. त्याने शिट्टी वाजवून पाण्यात मासा टाकला. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी एक पाणमांजर थेट पायरीशी आलं आणि दोन्ही पंजांत मासा धरून खाऊ लागलं. बाई हरखून टाळ्या वाजवू लागल्या. त्यांचे यजमान फोटो काढत म्हणाले, “मानलं बुवा तुम्हाला!”

घरी जेवताना गाठ्या तेच तेच सांगत राहिला. मासळी निवडायला जाणारी त्याची थोरली बहीण म्हणाली, “त्याला माणसांची सवय लावू नकोस.”

“तुला काय कळतं, ताई?”

पाचव्या दिवशी सकाळी एका होडीचं इंजिन सुरू झालं. एरवी त्या आवाजाने पाणमांजरं पळायची. हे मात्र माशाच्या आशेने होडीलगत आलं आणि इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात सापडलं. होडीवाला हळहळला, “इतक्या जवळ आलंच कसं?” गाठ्या मान खाली घालून गाठी मारत राहिला.

थोड्या वेळाने बाई आल्या. “भाऊ, वाजवा ना शिट्टी!”

“आज लांब गेलं असेल,” तो म्हणाला.

बाई दुर्बीण घेऊन दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिल्या, भर उन्हात. त्यांच्या पाठीकडे त्याला बघवेना. शेवटी तो उठला.

“ते मेलंय, बाई. मीच त्याची भीती घालवली. वर तुमच्याशी खोटं बोललो.”

बाईंनी दुर्बीण खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “टाळ्या तर आम्हीच वाजवल्या.”

संध्याकाळी गाडी निघाली. यजमानांनी हात केला, पण गाठ्याची मान वर झाली नाही. मग त्याने होडीवाल्यालाही सगळं सांगितलं. तो नुसता ‘बरं’ म्हणून निघून गेला, आणि तेच गाठ्याला जास्त लागलं.

घरी ताईने मुकाट्याने ताट वाढलं.

“बोल की काहीतरी,” तो म्हणाला.

“काय बोलू? जेव.”

त्याने ताटातला मासा कडेला सारला.