नऊ सेकंदांचा ठोका

माझी धाकटी बहीण खगोलशास्त्रज्ञ आहे. त्या उन्हाळ्यात ती आमच्या सानपाड्याच्या घरून काम करत होती. एका सकाळी तिने लॅपटॉपवर एक आवाज लावला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. आई तांदूळ निवडत होती.

"नळ गळतोय का गं?"

"नळ नाही आई, तारा."

उपग्रहाने टिपलेल्या क्ष-किरणांच्या नोंदी तिने आवाजात बदलल्या होत्या. ठोका दर नऊ सेकंदांनी पडत होता. तो पल्सार होता, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. वाशीपासून तळोज्यापर्यंत, म्हणजे वीसेक किलोमीटरांत मावेल एवढा, स्वतःभोवती फिरणारा; दर फेरीला एक ठोका. असा ठोका तोवर कुणीच कळवला नव्हता. जोडीच्या ताऱ्याचा वायू अंगावर पडत असेपर्यंत असा पल्सार क्ष-किरणांत उजळतो. हे काही आठवडे चालतं. मग तो विझतो आणि पुन्हा कधी उजळेल ते कुणी सांगू शकत नाही.

उपग्रह तेव्हा एका जुन्या, माहितीतल्या ताऱ्याकडे रोखलेला होता. बहिणीने ठोका त्याच्याच नावावर लावला आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना तशी सूचना पाठवली. सूचनेवर पहिलं नाव तिचं होतं.

पाच दिवसांनी परदेशातून दोन ओळींचं उत्तर आलं. चित्र घेणाऱ्या दुर्बिणीने तो तारा पाहिला होता. तो प्रखर होता. त्यात ठोका नव्हता.

मी वर्तमानपत्रात बातम्या तपासायचं काम करत आलो. मी विचारलं, "आवाज त्याचाच, हे कशावरून?"

"मधोमध तोच होता."

"सभेच्या फोटोत मधोमध बसलेला बोलतच असतो असं नाही."

"दादा, टोमणे नंतर. आधीच टेन्शन आहे."

उपग्रहावरचं तिचं उपकरण चित्र घेत नाही. आकाशाच्या, पूर्ण चंद्राहून मोठ्या तुकड्यातून येणारे किरण ते एकत्र मोजतं. त्या तुकड्यातला कोणता ठिपका धडधडतो, हे त्याला कळत नाही. आता जागा सापडण्याआधी पल्सार विझला असता, तर तिच्या नावावर फक्त चुकीची सूचना उरली असती.

तिने उपग्रहाचा वेळ मागून घेतला. त्याचा रोख जुन्या ताऱ्यापासून थोडा थोडा बाजूला सरकवायचा आणि प्रत्येक टप्प्यावर ठोका मोजायचा, असं ठरलं. नोंदी दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. स्क्रीनवर ऊन येत होतं म्हणून तिने पडदे ओढले.

पहिला टप्पा मधोमध होता. ठक. दुसऱ्या टप्प्यावर एकूण किरण अपेक्षेप्रमाणे कमी झाले. ठोका मात्र मोठा झाला. तिसऱ्यावर किरण आणखी कमी आणि ठोका आणखी मोठा.

"आपण तोंड फिरवतोय," बहीण म्हणाली, "आणि हे जवळ येतंय."

"बंद कर ते," आई म्हणाली. "दारावर कुणीतरी आलंय असं वाटतं."

मी उठून दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. आत पुन्हा ठोका पडला.

बाकीच्या दिशांना सरकवल्यावर तो घटत गेला. सगळ्या मोजण्या एका छोट्या वर्तुळात येऊन मिळाल्या. क्ष-किरणांच्या कोणत्याही यादीत त्या जागी काहीच नव्हतं. तिने जागा परदेशी दुर्बिणीला कळवली आणि वाट पाहिली. रोजच्या नोंदींत ठोका बारीक होत होता.

चौथ्या दिवशी चित्र आलं. काळ्या चौकटीत एकच ठिपका होता. ठोका त्याचाच होता.

"दुरुस्ती कशी लिहितात रे दादा?"

"चूक पहिल्या ओळीत. कारण नंतर."

तिने तसंच लिहिलं. आधीची सूचना चुकीची होती, ती माझी चूक, खरी जागा ही. त्यानंतर तिने जुन्या नोंदी उघडल्या. त्याच भागाकडे उपग्रह पूर्वी दोनदा वळला होता. दोन्ही वेळा नऊ सेकंदांचा ठोका अगदी कडेला, अस्पष्ट, नोंदलेला होता. तो कुणी शोधला नव्हता.

पंधरवड्यात पल्सार विझला.

"थांबला म्हणायचा?" आईने विचारलं.

"नाही. फिरतोय. आपल्याला दिसत नाही इतकंच."

"तिकडं कुणी बघत नसलं तरी?"

"तरी."

आईने तांदळाचं ताट पुढे ओढलं. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की तिचा हात ठरावीक वेळाने थांबत होता. मी घड्याळात सेकंद मोजले नाहीत.