तन्वीची ओढणी मशीनमध्ये अडकली तेव्हा

मित्रांनो, दुपारी घडलेलं डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहायला बसलोय.

देवळाली कॅम्पात घरामागच्या शेडमध्ये मी सुतारकाम करतो. उद्या घोटीला एका बाळाचं बारसं आहे. त्यांचा सागवानी पाळणा आज संध्याकाळी पोचवायचा होता, म्हणून लेथ मशीनवर लाकूड फिरवत त्याचे खांब घडवत होतो. मशीनच्या आवाजात बाकी काही ऐकूच येत नाही.

अचानक अगदी शेजारी किंकाळी ऐकू आली. माझी मुलगी तन्वी जेवायला बोलवायला आली होती आणि तिची ओढणी फिरत्या लाकडाभोवती गुंडाळली जात होती. एका हाताने तिला धरलं, दुसऱ्याने स्विच बंद केला. नशिबाने ओढणी फाटली. तिच्या गळ्यावर लाल वळ उठलाय, बाकी ती ठीक आहे.

"इतक्या जवळ कशाला आलीस?" मी ओरडलो.

ती रडत म्हणाली, "दारातून किती हाका मारल्या, पप्पा. तुम्ही बघतच नाही."

घोटीला फोन केला, पाळणा सकाळी आणतो म्हणून सांगितलं. मग बायको, तन्वी आणि मी एकत्र जेवलो.

घरातच काम करणाऱ्यांनो, तुमच्या माणसांना तुमचं लक्ष वेधायला किती जवळ यावं लागतं?