गोड्या मातीची खाण

आमच्या भागात कुठेही फावडे मारा, खारपाटच. ती माती वाळली की अंगावर मीठ धरते आणि तडकते. गोडी, निळसर, कोरता येईल अशी माती फक्त माझ्या सासरच्या तळ्याकाठच्या खाणीत निघे. तिच्यावर कोरणी चालवली तर गणपतीची पापणीसुद्धा सुबक उठे. म्हणून बेलपाड्यापासून आपट्यापर्यंतची घरे आपापला पाट आमच्याकडे आणून ठेवत. पाटावर सुपारी ठेवली की मूर्ती ठरली. पण पाट रिकामा परत गेला, तर ते घर पुन्हा आमच्या दारी येत नसे.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कंबर धरली. नवरा गलबतावर, पावसाळा लागल्याशिवाय घरी यायचा नाही. खाणीत बाईने उतरायचे नाही हा रिवाज, आणि परक्याला उतरू द्यायचे नाही हाही रिवाजच. म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना!

"पाट परत करा," मामंजी म्हणाले. "औंदा जमायचा नाय."

सासूबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मला मात्र राग आला. मी मिठागरवाल्यांची पोर, चिखलात उभी राहूनच वाढलेली.

"मी उतरते," मी म्हटले.

"रिवाज हाय."

"रिवाज माती काढून देनार हाय का, मामंजी?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. नाही म्हणाले नाहीत, तेवढे मला पुरले.

वरचा मुरूम आणि मुळे काढताना हाताला फोड आले. पण खाली माती लागली ती अशी, की फावड्याने खरवसासारखी वडी पडावी! सासूबाई वरून दोरीने पाटी ओढत. काम लवकर उरकावे म्हणून मी माहेरून पोती मागवली आणि सगळी माती त्यांत भरून घरी आणली. स्वतःवर फार खूश होते मी.

नव्या मातीचा आधी उंदीर करायचा, तो नीट वाळला तरच देवाला हात लावायचा, अशी आमच्यात रीत. मामंजींनी खाटेवर बसूनच उंदीर केला. वाळला तेव्हा त्याची पाठ पांढरी पडली होती आणि शेपटीपर्यंत भेग गेली होती. त्यांनी त्याला जीभ लावली.

"खारट."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माहेरच्या त्या पोत्यांत आजवर मिठाशिवाय दुसरे काही भरलेच नव्हते! सगळी माती वाया गेली. मी ओट्यावर बसून भोकाड पसरले. आभाळ भरून येत होते, आणि पाऊस पडला की खाणीचे तळे होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

सासूबाईंनी दुसरे फावडे उचलले. "चल गो. आता मी पन खाली येतंय."

आम्ही दोघी उतरलो. या खेपेला बांबूच्या पाट्या घेतल्या, आणि त्याही तळ्याच्या पाण्यात घासून. भरलेली पाटी एकीने डोक्यावर घेऊन वर चढायचे, तोवर दुसरीने खणायचे. खाली पाझर फुटून पाय रुतू लागले तरी खणत राहिलो. तरी माती हवी त्याच्या निम्मीच निघाली.

मामंजींनी तीच सगळ्या पाटांवर वाटून घातली. एकही पाट रिकामा राहिला नाही, पण त्या वर्षीचे सगळे गणपती वीतभर ठेंगणे झाले.

चतुर्थीला कामोठ्याचे एक जुने गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आले आणि बघतच राहिले. "काय हो, देव येवढासा?"

अंगण माणसांनी भरले होते. मी दाराआड उभी होते. खाणीबद्दल मामंजी तोवर माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. ते भिंतीला धरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "माझी सून खानीत उतरली, म्हनून येवढा तरी हाय. आज ह्यो घेऊन जा. पुढल्या वैशाखात ती परत उतरनार हाय, तवा मोठा देईन."